अर्ध्या वर्षाची ढाल

कुणावर काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी आजवर जे लिहिलं ते परीक्षेत, आणि तेही विचारलं तेवढंच. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या हस्तलिखितासाठी सरांनी ओळखीच्या एखाद्या माणसावर लिही म्हटलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. लोक मोठ्या माणसांवर लिहितात, आणि मी मोठा माणूस जवळून पाहिलेला नाही. पाहिला तो एक बुटका माणूस. माझ्या लिहिण्यानं त्यांचं हसं होऊ नये एवढीच काळजी आहे. ते त्यांच्या हयातीत पुष्कळ झालं.

बुऱ्हाणपूरला आमच्या शनवारा मोहल्ल्यात त्यांना सगळे कप्तान म्हणत. ते कधीच कप्तान नव्हते. गावाला लागूनच्या लालबागच्या मिलमध्ये टाइम ऑफिसात ते कारकून होते आणि एकेकाळी मिलच्या बास्केटबॉलच्या टीममध्ये खेळत. किंबहुना खेळायचे म्हणूनच मिलनं त्यांना ठेवून घेतलं होतं. आमच्याकडे त्या खेळाला कुणी बास्केटबॉल म्हणत नसे, टोपलीबॉल म्हणत. टोपलीत बॉल टाकायचा पगार मिळतो ही गोष्ट शनवाऱ्यात पुष्कळांना शेवटपर्यंत खरी वाटली नाही. मला तर कप्तानांना पाहूनच खरी वाटेना. हा खेळ उंच माणसांचा असं मी ऐकून होतो, आणि कप्तान माझ्या खांद्याला लागत.

मी फोपनारचा. घरी केळीची शेती. कॉलेजात नाव घातल्यावर वडिलांनी कप्तानांच्या घरची माडीवरची खोली माझ्यासाठी ठरवली. पहिल्या दिवशी आम्ही बापलेक ट्रंक आणि केळीचा घड घेऊन दारात उभे राहिलो. कप्तान आत माठाजवळ होते. "या" म्हणाले आणि पितळेचा रिकामा पेला त्यांनी वडिलांच्या दिशेनं फेकला. घड वडिलांच्या दोन्ही हातांत होता. पेला छातीवर आपटला आणि अंगणात गडगडत गेला. वडील घड धरून तसेच उभे. कप्तान मात्र ओशाळले. म्हणाले, "चूक माझी. ज्याचे हात मोकळे नाहीत त्याला पास द्यायचा नसतो."

परत निघताना वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मानूस येडा शे. पन घर चांगलं शे. ऱ्हाय."

मी राहिलो, तीन वर्षं. त्या घरात वस्तू हातात दिल्या जात नसत. साबण, किल्ली, कांदा, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, सगळं छातीसमोरून दोन्ही हातांनी सरळ तुमच्याकडे येई. भरलेला पेला तेवढा ते हातात देत. पाहुण्याकडे रिकामा फेकायचा, त्यानं झेलायचा आणि मग मानानं माठातलं पाणी घ्यायचं, अशी त्यांची रीत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वतः कधी काही फेकत नसत. त्या प्रत्येक वस्तू पदर सावरून हातात देत. एकदा मी त्यांना विचारलं, की तुम्हाला राग नाही येत का. म्हणाल्या, "लग्नात काचेचं काही घेतलं नाही, सगळं पितळेचं घेतलं. म्हणून टिकला संसार."

कप्तानांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मला ते 'फोपनार' म्हणत. "ए फोपनार, झेल," असं ऐकू आलं की मी पुस्तक खाली ठेवून हात मोकळे करायला शिकलो. त्यांची शिकवण एकच होती. बॉल हातात धरून ठेवायचा नाही. आला की द्यायचा. ते म्हणत, "टाकणारे पुष्कळ असतात रे. मी टाकणारा नव्हतो. मी देणारा." त्यांनी सगळ्या आयुष्यात टोपलीत टाकलेले बॉल हाताच्या बोटांवर मोजता आले असते, आणि याचा त्यांना अभिमान होता.

त्यांची दुसरी सवय साऱ्या शनवाऱ्याला माहीत होती. संध्याकाळी लालबागच्या मिलचा भोंगा झाला की कप्तान असतील तिथं थांबत. भोंगा वारा असेल तसा कधी मोठा, कधी बारीक ऐकू येई, पण त्यांना तो नेहमी ऐकू येई. भाजी घेत असले तर हातात वांगं धरून उभे. सायकलवर असले तर उतरून उभे. भोंगा संपला की पुढे चालू. नवख्या माणसाला वाटे की हे काही देवाचं करतात. आमच्या घरासमोर एका शिंप्याचं दुकान होतं. कप्तान थांबले की तो मशीनवरून ओरडे, "टाका कप्तान, टाका आता! कोणी नाही समोर!" आणि दुकानात बसलेली गिऱ्हाइकं हसत. कप्तान वळूनही पाहत नसत. शिंप्यानं ओरडायचं आणि यांनी ऐकायचं नाही हे इतकं रोजचं होतं, की एकदा शिंपी आजारी पडला तेव्हा कप्तान भोंगा संपल्यावरही थोडे थांबले आणि मग त्याच्या घरी चौकशीला गेले.

मला या टाका-टाकाचा अर्थ कळायला दिवाळी यावी लागली. तो सांगतो, पण आधी ढालीबद्दल सांगायला हवं.

माजघरात, देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर एक मोठी लाकडी ढाल टांगलेली होती. मी जुलैमध्ये राहायला आलो तेव्हा ती उलटी होती, म्हणजे तोंड भिंतीकडे आणि पाठ आपल्याकडे. खिळ्यांची टोकं आणि सुताराची खूण दिसे. मला वाटलं कुणीतरी साफसफाई करताना चुकून उलटी लावली असेल. मी ती सरळ करायला हात घातला, तर काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "राहू दे बाळा. ती आत्ता इथं नाही."

मी कप्तानांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंत ती अकोल्याला आहे."

मला वाटलं मी काही चुकीचं ऐकलं. पण तसंच होतं. दिवाळीच्या पहाटे अंघोळ करून कप्तानांनी ढाल सरळ केली. मधल्या पितळी पत्र्याला काकूंनी चिंच लावली. पत्र्यावर कोरलेला बॉल चमकायला लागला. मग दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ढाल आमच्याकडे बघे, आणि आखाजीला पुन्हा भिंतीकडे तोंड करी. उलटी असताना कप्तान तिच्याकडे मान वर करून पाहत नसत. कुणी पाहिलं तर म्हणत, दुसऱ्याच्या घरातलं काय बघता.

गोष्ट अशी होती. आमचं बुऱ्हाणपूर आणि वऱ्हाडातलं अकोला पूर्वी एकाच प्रांतात होते. राजधानी नागपूर. त्या जुन्या प्रांतातल्या गिरण्यांचे सामने होत, आणि त्यांत अंतिम सामना जवळजवळ दर वर्षी लालबाग आणि अकोला यांच्यातच होई. कप्तान ते सामने सांगायला लागले की समोरचा शिंपीसुद्धा मशीन थांबवून येई. लालबागच्या मैदानाभोवती जागा पुरत नसे. लोक कडुलिंबावर चढत, मालगाडीच्या डब्यांवर बसत. अकोल्याची टीम आली की मिलचे लोक त्यांना आग्रह करून करून मांडे आणि पुरण खाऊ घालत, म्हणजे दुपारी त्यांचे पाय उचलू नयेत. पुढच्या वर्षी अकोल्याला गेलं की तिथं पाटोडीची भाजी अशी तिखट असे, की आमचे विणकर खेळताना पाण्यासाठीच पळत. दोघांनाही हे माहीत होतं आणि दोघंही पोटभर जेवत, कारण नाही म्हणणं म्हणजे घाबरणं.

अकोल्याच्या टीममध्ये एक माणूस होता, त्याला सगळे ताड म्हणत. हात वर केला की टोपलीची दोरी धरी, असं कप्तान सांगत. त्या ताडाला अडवायचं काम या बुटक्याकडे होतं. मी विचारलं, तुम्हालाच का. म्हणाले, "त्याला उंच माणूस दिसायचा. मी दिसायचोच नाही."

ताडाबद्दल ते जसं बोलत तसं मी त्यांना स्वतःच्या भावाबद्दलही बोलताना ऐकलं नाही. त्याची पावलं, त्याचं बॉल लपवणं, चिडला की डाव्या हातानं टाकणं. आमच्या कॉलेजात व्हॉलीबॉल होता. मी त्यांना एकदा बघायला नेलं. थोडा वेळ बसले आणि उठले. म्हणाले, "जाळीच्या पलीकडून कसलं भांडण? अंगाला अंग लागलं पाहिजे, समोरच्याचा श्वास ऐकू आला पाहिजे." रस्त्यानं येताना पुन्हा म्हणाले, "ताड खोकला तरी मला कळायचं तो कुठं वळणार."

शेवटचा सामना लालबागला झाला, दिवाळीच्या तोंडावर. दोन्ही टीम बरोबरीत होत्या. दिवस मावळत होता. अकोल्याच्या टोपलीखाली बॉल वरून खाली आला तो ताडानं झेलला, आणि तेवढ्यात मिलचा भोंगा झाला.

आता हे गिरणीबाहेरच्या माणसाला समजणार नाही. सामना भोंग्यानं संपत नाही, शिट्टीनं संपतो. पण मैदानावरचे दहाही जण गिरणीतले. भोंगा झाला की हात थांबवायचे, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. दहाही जण थांबले. ताडाचे हात खाली आले, बॉल त्याच्या हातातून सुटला आणि एक टप्पा घेऊन कप्तानांच्या हातात आला. अंपायर कॉलेजचे कुणी मास्तर होते. त्यांना भोंग्याचं काही नव्हतं. ते घड्याळाकडे बघत होते, शिट्टी व्हायची होती. कप्तान टोपलीखाली, हातात बॉल, समोर कोणी नाही. आणि सगळं लालबाग एका सुरात ओरडलं, "टाका!"

कप्तानांनी बॉल छातीशी धरला आणि उभे राहिले. शिट्टी झाली. अंधार पडला म्हणून जादा खेळ झाला नाही.

त्या दिवसापासून गावानं त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली. ते नाव कौतुकाचं नव्हतं, सगळ्यांच्या वतीनं एकट्यानंच ठरवलं म्हणून टोमणा होता.

मी त्यांना विचारलं, मनात काय होतं. आयुष्यभर हा प्रश्न त्यांना लोकांनी विचारला होता, त्यामुळे मला विचारायची भीती वाटत होती. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तो हात खाली करून उभा होता रे. भोंग्याला मिलच्या माणसाचा हात सुटतोच, त्यात त्याची काय चूक? माणूस हात खाली करून उभा असताना त्याच्या घरात शिरायचं?"

तर बरोबरी झाली. ढाल सहा-सहा महिने दोघांकडे राहावी असं ठरलं. आधी कोणाकडे म्हणून नाणं उडवलं, ते बुऱ्हाणपूरच्या बाजूनं पडलं. दिवाळी ते आखाजी आमच्याकडे, आखाजी ते दिवाळी त्यांच्याकडे. ढाल ठेवायला मिलनं कप्तानांच्या घरी दिली, कदाचित चिडूनच. आणि त्या सहा महिन्यांत राज्यांची नवी मांडणी झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, आम्ही भोपाळच्या बाजूला आलो. सामने बंद पडले. पुढे मिलनं टोपल्यांचे खांबही काढले.

आखाजी आली, पण अकोल्याहून कोणी आलं नाही. त्या स्पर्धेची एक जुनी रीत होती. हरलेल्यानं ढाल जिंकलेल्याच्या गावी स्वतः नेऊन द्यायची. पण बरोबरीत हरलेला कोण? ढाल कोणी न्यायची, कोणी पोचवायची, हे ठरवायचं राहून गेलं. कप्तान म्हणत, आपण पोचवली तर आपण हरलो असं होईल, आणि आपण हरलो नाही. ते खानदेशी पद्धतीनं विचार करत. आखाजीला लेक माहेरी आणायची तर माहेरचा मुराळी सासरी जाऊन तिला घेऊन येतो. लेक आपली आपण पोचवत नाहीत. तशी अकोल्याची पाळी आली की अकोल्याच्या माणसानं मुराळी म्हणून यावं. इतक्या वर्षांत कोणी आलं नव्हतं. म्हणून ते दर आखाजीला ढाल भिंतीकडे वळवत, म्हणजे निदान आपल्या बाजूनं पाळी मोडायला नको.

हे सांगताना ते हसत. पण एक गोष्ट त्यांना खात होती, आणि ती मला काकूंनी सांगितली. अकोल्यात आपल्याबद्दल काय म्हणत असतील? बुऱ्हाणपूरवाल्यांनी ढाल दाबली, असंच म्हणत असतील. "गावानं कप्तान म्हटलं ते सोसलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "पण त्या ताडानं चोर म्हटलं असेल, हे काही सोसत नाही."

माझी मोठी बहीण अकोल्याला दिली आहे. तोवर तिला आणायला वडील जात. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली, त्या आखाजीला वडील म्हणाले की आता तू जा. मी मुराळी म्हणून अकोल्याला निघालो आहे हे मी घरात सांगितलं तेव्हा कप्तान कांदे निवडत होते, ते निवडतच राहिले. पण दुसऱ्या दिवशी मी लालबागला स्टेशनवर पोचलो तर ते आधीच फलाटावर उभे. मला म्हणाले, असाच आलो होतो, मिलमध्ये काम होतं. मिल त्या दिवशी बंद होती.

गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "ताड दिसला तर बघून ये. विचारायचं काही नाही. ढालीचं तर नाहीच नाही. फक्त बघून ये."

मी अकोल्याला मिलच्या फाटकापाशी सुट्टीच्या वेळी जाऊन उभा राहिलो. कुणाला विचारावं लागलं नाही. भोंगा झाला, माणसांचा लोंढा बाहेर आला, आणि त्यात एक पांढरं डोकं सगळ्यांच्या वर होतं. मी पुढे होऊन नमस्कार केला आणि बुऱ्हाणपूरचा म्हणालो. ते वाकून माझ्याकडे बघत राहिले.

"बुऱ्हानपूरचा? शनवाऱ्यात तो बुटका हाय का अजून?"

मी म्हणालो, त्यांच्याच घरी राहतो.

"भांडे फेकते का?"

"फेकतात."

ते इतके हसले की लोक वळून पाहायला लागले. मग मला चहाच्या दुकानात घेऊन गेले. त्या शेवटच्या सामन्यानंतर चहा होता, तेव्हा या बुटक्यानं आपल्या अंगावर पितळेचा पेला कसा फेकला आणि आपण तो एका हातानं कसा झेलला, ते त्यांनी हात करून दाखवलं. माझा शब्द मी पाळला. काही विचारलं नाही. ढालीचं नाव काढलं नाही. ते आपणच काढलं त्यांनी.

"ढाल बरी हाय ना? त्याच्याच घरी हाय, मले मालूम हाय. तिथंच बरी."

माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं.

"काऊन?" ते म्हणाले. "आमी हारलो व्हतो ना, बाप्पा. बॉल माह्या हातून सुटला, त्याच्या हातात गेला. टाकला असता तं जितले असते. नाही टाकला हे त्याचं मोठेपन. पन मले तं मालूम हाय ना मी हारलो म्हनून. हारलेला मानूस ढाल न्याले जाते काय कुठी?"

अकोल्यात ते इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले होते.

बहिणीला फोपनारला पोचवलं आणि आखाजीच्या आदल्या दिवशी मी शनवाऱ्यात आलो. कप्तान ओट्यावर होते. मला बघून उठले नाहीत. काकूंनी पाणी दिलं, हातात. मग ते म्हणाले, "उंची?"

"थोडे वाकलेत."

"डावा हात?"

"चहा उजव्या हातानं प्याले," मी म्हणालो. मला दुसरं काय सांगावं ते सुचेना. मग मी सगळं सांगून टाकलं, त्यांनी म्हटलं तसं, शब्दाला शब्द. मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्यांच्या डोक्यावरून एवढं मोठं ओझं उतरलं होतं. पण कप्तानांचा चेहरा लाल झाला. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"हरला म्हणतो? कोण हरला? बरोबरी होती. सगळ्या लालबागनं पाहिली. त्याला कोणी सांगितलं तो हरला म्हणून?"

मी म्हणालो, ते आपणच म्हणतात.

"म्हणून काय झालं? तो म्हणेल ते खरं का? मी होतो ना तिथं." ते उठले, माजघरात गेले, परत आले. "इतकी वर्षं सगळ्या अकोल्याला हरलो म्हणून सांगत फिरतो. वेडा आहे का?"

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या फार बोलत नसत, आणि कप्तानांना तर समोरून कधीच काही बोलत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "सगळ्या गावाला द्या, द्या म्हणून शिकवलं. साबण हातात ठेवला नाही तुम्ही कधी. आणि ही एवढी एक वस्तू धरून बसलात. कोणी न्यायला येईल तेव्हा येईल. आपल्याला पाय नाहीत का?"

 भोंगा झाला. कप्तान जागच्या जागी थांबले. समोरून शिंपी ओरडला, "टाका कप्तान!" भोंगा संपला, तसे ते आत गेले आणि ढाल खिळ्यावरून काढून खाली आणली. काकूंनी ट्रंकेतली जाड चादर काढून दिली.

आखाजीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते गेले. तीन-चार दिवसांनी मोकळ्या हातांनी परत आले. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "घेतली. फार भांडला. घेत नव्हता. मी म्हणालो, हरल्याची म्हणून नको घेऊ, पाळीची म्हणून घे. मग घेतली." थोड्या वेळानं म्हणाले, "चार दिवस पाटोडी खाऊ घातली. तशीच तिखट आहे अजून." भिंतीवर ढालीच्या जागी चुना स्वच्छ पांढरा होता, ढालीच्याच आकाराचा. आता मात्र ते त्या जागेकडे मान वर करून पाहत.

मी एम.ए.साठी इंदूरला आलो. निघताना त्यांच्या पाया पडलो तर त्यांनी काही फेकलं नाही. एक पेला माझ्या हातात दिला. म्हणाले, होस्टेलवर काचेचे असतात.

दिवाळीत मी घरी गेलो नाही, शिकवण्या घेतल्या होत्या. दिवाळीनंतर एके दिवशी शनवाऱ्यातला तो शिंपी माझा पत्ता विचारत होस्टेलवर आला. त्याची मुलगी इंदूरला दिलेली आहे. त्याला पाहून मला आनंद झाला. तो खोलीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मग मला कळलं की तो मुलीकडे म्हणून आलेला असला तरी माझ्याकडे कशासाठी आला आहे.

कप्तान नवरात्र संपता संपता गेले. झोपेतच. माझा पत्ता शनवाऱ्यात कोणाजवळ नव्हता. शिंपी म्हणाला, "त्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला, अन् मी सवयीनं ओरडलो. टाका म्हणून. मग लक्षात आलं." 

मग त्यानं पुढचं सांगितलं. ते मी त्याच्याच तोंडून ऐकलं तसं लिहितो.

दिवाळीच्या आदल्या दिवशी एक उंच, वाकलेला म्हातारा चादरीत काहीतरी मोठं गुंडाळून शनवाऱ्याच्या दरवाजातून चालत आला. शिंप्याच्या दुकानापाशी थांबला आणि टोपलीबॉलवाल्या बुटक्याचं घर कोणतं म्हणून विचारलं. आमची पाळी सरली, म्हणाला, आता त्याची. शिंप्याला त्याला सांगावं लागलं. म्हातारा बराच वेळ रस्त्यातच उभा राहिला. शिंप्यानं स्टूल दिलं, पण तो बसला नाही. मग वाकून घरात शिरला, आणि शिंपी त्याच्या मागून दारापर्यंत गेला.

काकू माठाजवळ होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या काखेतल्या चादरीकडे पाहिलं. कोण, कुठले, असं काही विचारलं नाही. माठावरचा पितळेचा पेला उचलला आणि त्याच्याकडे फेकला.

त्यानं तो एका हातानं झेलला.